आम्ही शिकून जेलात गेलो

पोलिसांकडं किस्से असतात, वकिलांकडं असतात, डॉक्टरांकडं तर असतातच. पण ते लोक आपले किस्से लग्नाच्या पंगतीत सांगू शकतात. आमचं तसं नाही. जेलमधला किस्सा सुरू केला की शेजारचा माणूस तोंडाजवळ नेलेली जिलबी परत ताटात ठेवतो. मग काय, आमचे किस्से मनातच साठत जातात आणि आम्ही चौघं एकत्र आलो की जायकवाडीचे दरवाजे उघडावेत तसे धो धो सुटतात.

चौघं म्हणजे कोण, तर मी वैशाली, देवगाव रंगारीची. गण्या पाचोडचा. निलोफर शहागंजची, तिच्या अब्बांचं तिथंच टेलरिंगचं दुकान. आणि सिद्धार्थ, शहरातलाच, त्याचे वडील वाळूजला कंपनीत. कॉलेजात आमचा विषय होता क्रिमिनल जस्टिस. सोप्या भाषेत सांगायचं तर गुन्हा घडल्यावर माणसाचं पुढं काय होतं, कोर्ट, जेल, सुटका, सगळं. वर्गातल्या बाकीच्यांना पोलिसात जायचं होतं. आम्हा चौघांना मात्र तुरुंग खात्यात.

आज आमच्यापैकी तिघं जेलमध्ये आहोत.

नोकरीला! हे दरवेळी सांगावंच लागतं.

* * *

ॲडमिशन घेतली तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलेनात. आईशी बोलायचे, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात. "लोक चुकून जेलात जातेत. आपली शिकून चालली!"

शेवटी आईनं तोड काढली. पदवी होऊ द्यायची, त्यानंतर एक वर्ष थांबायचं. तेवढ्यात नोकरी लागली तर लागली. नाहीतर दादा दाखवतील त्या मुलाशी मुकाट लग्न करायचं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मी शहरात होस्टेलला राहायला गेले आणि त्याच आठवड्यात आईला गिरणीवर शेवंताकाकू भेटल्या. शेवंताकाकू आमच्याच गल्लीतल्या, कानानं जरा कमी. त्यात गिरणीचा आवाज!

"वैशी दिसंना कुठं?" काकूंनी विचारलं.

"ती गेली जेलच्या कोर्सला."

पट्ट्याच्या खडखडाटात 'जेल' तेवढं पोचलं. "आगं बया! कितीची झाली?"

"तीन वर्षांची."

काकूंनी डोक्यावरचा पदर सावरला. आईच्या पाठीवरून हात फिरवला. "धीर धर. चांगली वागली तर लवकर सोडतेत म्हनं."

आईला वाटलं, काकू परीक्षेबद्दल बोलताहेत. "हुशार हाय ती. एका झटक्यात सुटंल," असं म्हणून ती दळण घेऊन घरी आली!

दिवाळीला मी गावी गेले तर बाया माझ्याकडं बघून डोळे पुसायला लागल्या. एकीनं हळूच विचारलं, "सुट्टी दिली का गं?"

"हो, पंधरा दिवस."

"जेवाय बरं देतेत का?"

मला होस्टेलची मेस आठवली. "कसलं बरं! डाळ म्हणजे नुसतं पिवळं पाणी."

"तितं तसंच असतं माय," ती म्हणाली.

* * *

आम्हाला तुरुंग व्यवस्थापन शिकवायला जोंधळे सर होते. निवृत्त तुरुंग अधीक्षक. मिशा पांढऱ्या, पण आवाज अजून बराकीच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. ते वर्गात नाव पुकारून हजेरी घ्यायचे नाहीत. आम्हाला दोन-दोनच्या जोड्या करून बसवायचे आणि बोट नाचवत जोड्या मोजायचे. जेलमध्ये कैदी असेच मोजतात, त्याला गिनती म्हणतात.

"हजेरीत माणूस खोटं बोलतो," सर म्हणायचे. "गिनतीत डोकं खोटं बोलत नाही!"

त्यामुळं आमच्या वर्गात प्रॉक्सी हा प्रकारच नव्हता.

एप्रिलमधली गोष्ट. अख्ख्या मजल्यावर एकच कूलर चालू होता आणि तो आमच्या वर्गात होता. सरांनी गिनती केली. थांबले. परत केली. मग कपाळावरचा घाम पुसला.

"एक जास्त भरतोय," ते म्हणाले.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"माझ्या नोकरीत एक माणूस कमी भरला की अख्खं जेल पालथं घालायचो. जास्त भरायची ही पहिलीच वेळ! कोण आहे तो?"

मागून एक बारीकसा मुलगा उठला. "सर, मी कॉमर्सचा. कूलरसाठी आलतो."

आम्हाला वाटलं, आता याची काही खैर नाही. पण सरांचा चेहरा उजळला. "बघा रे सगळे! भिंतीवरून पळून जाणारे लई पाहिले. पळून आत येणारा हा पहिलाच!"

मुलगा ओशाळून दाराकडं निघाला, तसं सरांनी दार लावून घेतलं. "कुठं चालला? आत कुणीबी येऊ शकतं बाळा. बाहेर जायला टाइम लागतो."

त्या बिचाऱ्यानं कैद्यांच्या वर्गीकरणावरचं लेक्चर शेवटपर्यंत ऐकलं. घाबरून नोट्ससुद्धा काढल्या!

* * *

सिद्धार्थ वर्गात फार कमी बोलायचा. पण बोलला की समोरच्याच्या हातातलं काम थांबायचं.

एकदा सरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'नागरिक', दुसऱ्या बाजूला 'कैदी'. म्हणाले, "शिक्षा झाली की माणसाचे कोणकोणते हक्क जातात, एकेक सांगा."

आम्ही धडाधड सांगत सुटलो. हे जातं, ते जातं. कैद्याची बाजू रिकामी होत चालली.

सिद्धार्थ म्हणाला, "सर, रेघच चुकलीय. बाहेर जाता येत नाही आणि त्याच्या मागून जे जे जातं, ते गेलं. बाकी सगळं त्याचंच राहतं."

सरांनी डस्टर घेऊन ती रेघ पुसली. "हे एवढं कळायला मला अर्धी नोकरी लागली," ते म्हणाले.

गण्या माझ्या कानात कुजबुजला, "सिद्ध्याचं बरंय. अर्धीच करावी लागंल!"

* * *

गण्याला नाटकाची भारी हौस. दुसऱ्या वर्षी आम्हाला वर्गात पॅरोलची सुनावणी करून दाखवायची होती. कैद्याला घरच्या अडचणीसाठी थोड्या दिवसांची रजा द्यायची की नाही, ते ठरवायचं. गण्यानं भांडून कैद्याचा रोल मागून घेतला. निलोफर झाली अधिकारी.

गण्यानं त्या दिवशी कमाल केली. दाढी वाढवून आला. खांदे पाडून उभा राहिला. "साहेब, माझी आई अंथरुणाला खिळली. डोळे मिटायच्या आधी लेकराचं तोंड बघू द्या एकदा!" आणि खरंच त्याच्या डोळ्यातून पाणी! पुढच्या बाकावरची एक मुलगी रुमाल काढून बसली.

निलोफर ढिम्म. "आई कुठं असते?"

"पाचोडला, साहेब."

"फोन आहे तिच्याकडं?"

गण्या गडबडला. हे काही ठरलेलं नव्हतं. "हाय... पन—"

"चौकशी करना पडता ना, गणेशराव. नियम है." तिनं सरांकडं पाहिलं. सरांनी मान हलवली. निलोफरनं गण्याचाच मोबाइल त्याच्या खिशातून काढून घेतला, 'आई' नावावर बोट दाबलं आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो, गणेशच्या आई का? तुमची तब्येत कशी आहे?"

"मला काय धाड भरली?" पलीकडून खणखणीत आवाज आला. मागं बाजाराचा गलका. "मी बाजारात उभी हाय. येतो म्हनला व्हता गण्या, दोन पोती एकलीनं उचलून आनली म्या! कुठं उलथलाय त्यो?"

निलोफर शांतपणे म्हणाली, "मावशी, तो इथं आमच्याकडं अडकलाय. सोडू का?"

"नगं!" आई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तितंच, जरा अक्कल येऊ द्या!"

अर्ज नामंजूर झाला. सरांनी निलोफरला पैकीच्या पैकी मार्क दिले. गण्याच्या आईलासुद्धा द्यायला हवे होते.

* * *

त्याच वर्षी आम्हाला पहिल्यांदा खरा तुरुंग दाखवायला नेलं. आदल्या दिवशी सर म्हणाले, "तोंडं पाडून जायचं नाही आणि प्राणिसंग्रहालय बघायला आल्यासारखं टकामका बघायचं नाही. कुणी नमस्कार केला तर उलट नमस्कार करायचा. बस."

आम्ही आत गेलो. भीती होती, ती वीस पावलांत निम्मी झाली. समोर भाजीचे वाफे होते. मेथी, पालक, कोथिंबीर. पांढऱ्या कपड्यातली माणसं पाणी धरत होती. आमच्या गावाकडं दिसतं तसंच सगळं. फरक एवढाच की बांधाच्या जागी उंच भिंत.

गण्या सगळ्यात पुढं, छाती काढून. तेवढ्यात वाफ्यातला एक माणूस उठला, हातावर हात झटकले आणि डोळे बारीक करून बघायला लागला.

"आरं... गणेश न्हवं का तू? कुंभारगल्लीतला?"

गण्याची छाती आत गेली. त्याच्याच गल्लीत राहणारे भानुदासकाका! भावकीच्या मारामारीत आत आले होते. गण्या लहान असताना त्याला यांनीच सायकल शिकवली होती.

"कवा आलास?" काकांनी काळजीनं विचारलं.

"काका, तसं नाय," गण्या घाईघाईनं म्हणाला. "अभ्यास दौरा हाय. कॉलेजचा."

काकांनी आम्हा सगळ्यांवरून एक नजर फिरवली. मग गण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"व्हय व्हय. पैल्यांदा समदे असंच काहीतरी सांगतेत!"

सरसुद्धा हसले. काकाही हसले. मग काकांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "आमची पोरं दिसतेत का रं? साळंत जातेत?" गण्या म्हणाला, "जातेत काका, धाकटा तर पळायच्या शर्यतीत पहिला आला." काका परत वाफ्यात बसले आणि पाणी धरायला लागले. तोंड आमच्याकडं केलं नाही.

परतताना बसमध्ये गण्या एक शब्द बोलला नाही. गण्या गप्प बसल्याची आमच्या इतिहासातली ही एकमेव नोंद!

* * *

पदवी झाली आणि भरतीची तयारी सुरू झाली. माझं ते एक वर्षही सुरू झालं. दादा बोलायचे नाहीत, पण फोनवर आई हळूच सांगायची, "एक स्थळ आलंय, कन्नडचं." मी दुसऱ्या दिवशी मैदानात दोन फेऱ्या जास्त मारायचे.

सिद्धार्थचा प्रश्न वेगळा होता. लेखीमध्ये तो आमच्या सगळ्यांच्या पुढं. पण अंगकाठी अशी की शर्ट हँगरला लावलाय असं वाटावं. भरतीत छाती मोजतात, आणि ती श्वास घेऊन फुगवून दाखवावी लागते. निलोफर त्याला रोज संध्याकाळी अब्बांच्या दुकानात घेऊन जायची. अब्बा गळ्यातला टेप काढून त्याच्याभोवती गुंडाळायचे.

"हां बेटा, सांस ले. और ले. और..." अब्बा चष्म्यातून टेपकडं बघायचे. "नै रे बाबा. इत्ते में कुर्ता होता, वर्दी नै होती."

केळी झाली, अंडी झाली, दंड-बैठका झाल्या. भरतीचा दिवस आला. मोजणाऱ्या शिपायानं टेप लावला. "फुगव."

सिद्धार्थ गप्प.

"अरे फुगव ना!"

"फुगवलीये साहेब," सिद्धार्थ कसाबसा म्हणाला.

"बरं, मग सोड आता."

"सोडली तर तुम्ही मला हाकलून द्याल!"

शिपाई पोट धरून हसला. पण टेप काही हसला नाही. सिद्धार्थ बाहेर पडला.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं शहागंजच्या दुकानात बसलो होतो. अब्बांनी सिद्धार्थला उभं केलं आणि परत टेप काढला. सिद्धार्थ म्हणाला, "अब्बा, आता कायको? झालं सगळं."

"चुप खडा रह. सांस नक्को लेना, जैसा है वैसाच."

त्यांनी खांदे मोजले, बाही मोजली, आणि पुढच्या मुलाखतीसाठी काळा कोट शिवला. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "सरकार का नाप अलग रहता. मेरे नाप में तू पूरा भरता."

पुढच्या परीक्षेत सिद्धार्थ परिवीक्षा अधिकारी झाला. पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला जेलात न पाठवता बाहेरच सुधारता येईल का, ते तो कोर्टाला सांगतो. कोर्टात तो अजूनही तोच कोट घालतो.

गण्या म्हणतो, "आम्ही आत ठिवायचा पगार घेतो, हा आत न येऊ देण्याचा!"

* * *

निलोफरला बघायला शहरातलेच लोक आले होते. मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ही तेव्हा लेखी पास झालेली, मुलाखतीचा कॉल यायचा होता. मी मैत्रीण म्हणून हजर.

मुलाच्या आईनं विचारलं, "बेटी क्या पढ़ी?"

"क्रिमिनल जस्टिस."

"मतलब चोरां पकड़ती?"

"नै खाला. पकड़ने के बाद का पढ़ी मैं."

खालांनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. बाहेर रस्त्यावरचा भाजीवाला घरात आल्यासारखा वाटायला लागला. निलोफरच्या अम्मीनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

मुलगा घसा खाकरून म्हणाला, "मेरा एक सवाल है."

"पूछो," अब्बा म्हणाले.

तो निलोफरकडं बघून म्हणाला, "मैं भाग गया तो?"

निलोफर म्हणाली, "तो जो ड्यूटी पे होगा उसकी नौकरी जाएगी. मैं ड्यूटी पे रहूँगी."

मुलगा त्याच्या आईकडं वळला. "अम्मी, यहींच करो."

लग्न झालं. तो अजून पळालेला नाही.

* * *

माझी निवड झाली तेव्हा दादांनी दिलेलं वर्ष संपत आलं होतं. निकाल कळला तसे दादा उठून गोठ्यात गेले. बराच वेळ आले नाहीत. आई म्हणाली, "जाऊ दे, म्हशीपाशी बोलत असतील."

रुजू व्हायच्या दिवशी मी पिशवी भरत होते, तर दादा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. "चल. मी येतो."

जेलच्या मोठ्या दरवाज्यापाशी आम्ही पोचलो. पहाऱ्यावरच्या हवालदारानं दादांना हटकलं. "कुणाची भेट घ्यायचीय, बाबा?"

दादा छाती पुढं काढून म्हणाले, "भेट न्हाय. पोरीला सोडाय आलोय."

हवालदारानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "असं कसं सोडता येईल? कोर्टाची ऑर्डर आणली का?"

दादांना आधी कळलंच नाही. मग कळलं. आणि ज्या माणसाला तीन-चार वर्षांत मी माझ्यासमोर हसताना बघितलं नव्हतं, तो माणूस जेलच्या दारात गुडघ्यावर हात ठेवून हसत सुटला. हसता हसता डोळे पुसले, आणि हवालदाराला म्हणाले, "ऑर्डर हाय. तिच्या पिशवीत. पन उलटी हाय. आत घ्यायची!"

* * *

आता हा एक किस्सा. हा सांगून झाला की आमच्यात पुढं कुणी काही सांगत नाही, म्हणून मी तो मागं ठेवते.

महिला विभागात एक म्हाताऱ्या बाई होत्या. सगळ्या त्यांना आत्या म्हणायच्या. काय करून आल्या होत्या, ते मी सांगणार नाही. जोंधळे सर म्हणायचे, "गुन्हा कोर्टानं वाचलाय. आपण परत परत वाचायचा नसतो." आत्या फार वर्षं आत होत्या; तेवढी वर्षं दारं दुसऱ्यांनीच उघडली, दुसऱ्यांनीच लावली. भल्या पहाटे उठायच्या, अंगण झाडायच्या, नव्या बायकांना दटावून जेवायला लावायच्या. मी नवीन असताना मलाही दटावलं होतं. "मॅडम, एवढ्या मोठ्यानं बोलू नका. बाया घाबरत नाहीत, पन लेकरू झोपलंय तिचं."

त्यांच्या सुटकेचा दिवस आला. पुतण्या न्यायला येणार होता. येतो की नाही याची आम्हालाच काळजी, पण तो आला. मोटारसायकल घेऊन रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभा होता.

आत सगळ्या बायकांनी आत्यांना गराडा घातला. कुणी रडतंय, कुणी पाया पडतंय. आणि प्रत्येकीचं एकच सांगणं. "आत्या, बाहेर पडल्यावर मागं वळून बघू नका हां. जी बघती ती परत येती."

"न्हाय बघत गं," आत्या म्हणाल्या. "देवाची आन."

मी त्यांना दरवाज्यापर्यंत घेऊन आले. सह्या, अंगठे, सामान, सगळं झालं. मोठ्या दरवाज्यातलं छोटं दार हवालदारानं उघडलं. आत्यांनी वाकून पाय बाहेर टाकला, दुसरा टाकला, आणि थांबल्या.

आमच्याकडं पाठ. हातात गाठोडं. हलेनात.

पलीकडं पुतण्यानं हात वर केला. आत्या जागच्या जागीच. मला वाटलं, पाय उचलेना यांचा. मी हळूच विचारलं, "आत्या, काही राहिलं का आत?"

त्यांनी मान वळवली नाही. रस्त्याकडंच बघत, घरातून शेताला निघालेल्या बाईनं विचारावं तशा आवाजात म्हणाल्या,

"न्हाय वो मॅडम. दार लोटून घिऊ, का उघडंच ठिवू?"